पाणी कमी झालं तर फोन कोणाला? घरच्या तलावासाठी ठेकेदार निवडण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण मुळशी तालुक्यातल्या एका घराचं आहे. माणसांची, गावाची आणि ठेकेदारांची नावं काढली आहेत. आकडे आहेत तसेच ठेवले आहेत, फक्त हजारांत पूर्ण केले आहेत.

पार्श्वभूमी

डोंगराच्या उतारावर माझ्या मित्राची ११ गुंठे जागा. घर बांधून तीन वर्षं झालेली. मित्र निवृत्त झाला आणि घरात पोहण्याच्या तलावाचा विषय निघाला. निमित्त त्याच्या आईच्या गुडघ्यांचं होतं, डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं. खरं कारण दोन नातवंडं, एक चार वर्षांचं आणि एक सात. पहिल्याच बैठकीत वहिनींनी ते कबूल करून टाकलं.

मी स्थापत्य अभियंता. उमेदीची सगळी वर्षं पाणीपुरवठ्याच्या टाक्या बांधण्यात गेली, तरणतलाव मात्र एकही बांधला नव्हता. तरी मित्राने मलाच बोलावलं, कारण मी फुकट होतो. या फुकटपणाची किंमत पुढे येईलच.

माप ठरलं ८ बाय ४ मीटर, खोली एका टोकाला १.२ आणि दुसऱ्या टोकाला १.५ मीटर. म्हणजे सुमारे ४३ हजार लिटर पाणी. खर्चाचा अंदाज १५ लाख. मुदत ३१ मे, कारण नातवंडांची सुट्टी. गावात आम्ही ‘पूल’ म्हटलं की लोक ओढ्यावरच्या पुलाचं विचारायचे, म्हणून सगळे ‘टाकी’च म्हणू लागले. शब्द चुकीचा नव्हता. जमिनीतल्या काँक्रीटच्या टाकीला टाइल लावल्या, फिरतं पाणी दिलं की तलाव होतो.

तीन कोटेशनं

जानेवारीत तीन कोटेशनं हातात आली.

पहिलं गावातल्या ठेकेदाराचं. त्यानेच घर बांधलं होतं. माणूस सरळ, राहायला तीन किलोमीटरवर. एकच पान, हाताने लिहिलेलं: टाकी टाइलसह, ९ लाख ४० हजार, फिल्टर पार्टीचा.

दुसरं पुण्यातल्या एका कंपनीचं. ३२ पानांची रंगीत फाइल, निळं पाणी, संध्याकाळचे दिवे, काठावर कोणीतरी शहाळं घेऊन बसलेलं. १८ लाख ७५ हजार, वर १८ टक्के जीएसटी. वॉटरप्रूफिंगची दहा वर्षांची गॅरंटी.

तिसरं दोन भागीदारांचं. एक बांधकामातला, दुसरा पंप आणि पाइपातला. सहा कोरडी पानं, १५ लाख २० हजार अधिक जीएसटी.

मित्र म्हणाला, “कर धरून एक बावीसला, एक साडेनऊला, हा अठराच्या आत. मधला घेऊ, विषय संपला.” साडीच्या दुकानापासून मंगल कार्यालयापर्यंत आपण मधलाच भाव धरतो, त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. पण इथे एकाच वस्तूचे तीन भाव नव्हतेच. वस्तूच तीन वेगळ्या होत्या.

म्हणून मी एक तक्ता केला. खोदाई, कातळ लागला तर फोडाई, काँक्रीट, वॉटरप्रूफिंग, टाइल, काठाची फरशी, पंप, फिल्टर, पाइप, विजेचं पॅनेल, पंपाची खोली. प्रत्येकासमोर कोणाच्या कोटेशनात काय आहे ते लिहिलं. पहिल्याच्या रकान्यात निम्म्या जागा रिकाम्या राहिल्या. त्या बाजारभावाने भरल्या: फिल्टर आणि पंप २ लाख ३५ हजार, वॉटरप्रूफिंग १ लाख १० हजार, फोडाई ६० हजार, पॅनेल ४५ हजार, काठ ५५ हजार. साडेनऊचे १४ लाख ४५ हजार झाले. तेही कच्च्या बिलावर. उद्या ग्राहक आयोगाची पायरी चढायची वेळ आली तर हातात ते एकच पान.

कंपनीच्या गॅरंटीची बारीक अक्षरं वाचली. त्यांच्या माणसाविना तलाव रिकामा केला तर गॅरंटी रद्द, जमीन खचली तर रद्द. बांधकाम ‘नेमलेला उपठेकेदार’ करणार. तो कोण, हे विक्रीसाठी आलेल्या मुलाला सांगता येईना. शिवाय कुदळ मारायच्या आधी ४० टक्के रक्कम हवी होती. त्यांनी सुचवलेला तलाव काठोकाठ वाहणारा होता. त्याला सांडलेलं पाणी झेलणारी वेगळी बॅलन्सिंग टाकी लागते, पाइपही जास्त लागतात. दिसतो सुरेख, पण आजीबाईंच्या गुडघ्यांना त्याचा उपयोग नव्हता.

पर्याय

फायबरचा तयार तलाव ट्रेलरवर आणून बसवायचा, हा एक पर्याय मित्राच्या मुलीने सुचवला होता. किंमत ११ लाखांच्या आसपास. तो दोन कारणांनी सुटला. गावातल्या देवळाजवळच्या वळणावर आठ मीटरचा एकसंध सांगाडा वळला नसता. दुसरं कारण तेव्हा मी अर्धवटच बोललो होतो: वस्तू हलकी. पुढे त्यावरूनच खरा प्रश्न उभा राहिला.

उरलेली निवड अशी. एक तर काम तिघांत वाटायचं, काँक्रीट गावच्या ठेकेदाराकडे, वॉटरप्रूफिंग वेगळ्याकडे, फिल्टर तिसऱ्याकडे. नाहीतर सगळं एकाच्या गळ्यात घालायचं. मित्राचा कल वाटण्याकडे होता. भागीदारांचा आकडा करासह १७ लाख ९४ हजार, वाटलेलं काम १४ लाख ४५ हजार. फरक साडेतीन लाखांचा.

मी म्हटलं, समज दोन वर्षांनी पाणी कमी व्हायला लागलं. काँक्रीटवाला म्हणणार वॉटरप्रूफिंग गेलं. वॉटरप्रूफिंगवाला म्हणणार पाइपवाल्याने भिंतीला भोकं पाडली. पाइपवाला म्हणणार काँक्रीटच पोकळ. तिघंही थोडेथोडे खरे असतील. मग तू फोन कोणाला करणार?

“भाऊजी, साडेतीन लाखांचा फोन?” वहिनींनी विचारलं.

हो, तेवढ्याचाच. आणि तो घेण्यासारखा आहे की नाही, हे पलीकडचा माणूस फोन उचलतो का यावर ठरणार होतं. ते तपासायला दुसऱ्यांचे तलाव पाहणं भाग होतं.

दुसऱ्यांचे तलाव

कंपनीने रिसॉर्टांची यादी दिली, भेटीची वेळ एकाही ठिकाणची मिळाली नाही. गावच्या ठेकेदाराने आपली पाच वर्षांपूर्वीची एक पाण्याची टाकी दाखवली. बाहेरून कोरडी ठणठणीत, काम चोख. परत येताना तो आपण होऊन म्हणाला, “साहेब, टाकी मी बांधीन. फिल्टरच्या पाइपातलं मला कळत नाही.” इतका प्रामाणिक माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही, हे मी तिथेच ठरवलं. फक्त त्याला काम कुठलं द्यायचं, ते ठरायचं होतं.

भागीदारांनी १४ तलावांची यादी दिली आणि नुकताच झालेला दाखवायची तयारी केली. आम्ही म्हटलं, नवा नको, तीन पावसाळे काढलेले दाखवा. तीन पाहिले. दोन ठिकाणी सगळं छान होतं, त्यातून कळलं काहीच नाही. तिसऱ्या घरच्या बाईंनी चहा दिला आणि सांगितलं की दुसऱ्या वर्षी पाण्याची पातळी उतरायला लागली होती. फोन केला, माणूस नवव्या दिवशी आला. स्किमरच्या, म्हणजे वर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या, तोंडाशी फट निघाली, ती आठवड्यात भरून दिली, पैसे घेतले नाहीत. “पण या दोन टाइलांवरचा डाग तसाच ठेवून गेले, बघा.”

गाडीत बसताच मित्र म्हणाला, यांचा तलाव गळला, यांना काट. माझं मत नेमकं उलटं झालं. ज्याचा एकही तलाव कधी गळला नाही असा ठेकेदार एक तर नवखा असतो, नाहीतर आपल्याला निवडक घरी नेत असतो. गळल्यावर हा नवव्या दिवशी आला, हे मला ३२ रंगीत पानांपेक्षा वजनदार वाटलं. नऊ दिवस जास्तच. पण आला.

त्यांचं चालू कामही पाहिलं. सळया काँक्रीटच्या आत नीट राहाव्यात म्हणून खाली ठेवतात त्या सिमेंटच्या ठोकळ्यांऐवजी, कव्हर ब्लॉकऐवजी, दगडाच्या चिपा सरकवलेल्या. मी बोट दाखवलं तेव्हा बांधकामवाला भागीदार चिडला नाही, मुकादमाला हाक मारून ब्लॉक मागवले. म्हणजे सांगितल्यावर करतात, न सांगता करतीलच असं नाही. हे मी मनात टिपून ठेवलं आणि नंतर स्वतःच विसरलो.

करार

काम भागीदारांना दिलं. काठाची फरशी आणि पंपाची खोली त्यातून काढून गावच्या ठेकेदाराला १ लाख १५ हजारांत दिली. ते पाण्याच्या हद्दीबाहेरचं काम, त्यामुळे गळतीची जबाबदारी फाटत नव्हती. भागीदारांचा आकडा १३ लाख ९० हजारांवर आला, करासह १६ लाख ४० हजार. एकूण १७ लाख ५५ हजार. १५ लाखांची रेघ ओलांडून झाली होती.

हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधले. सहीला १० टक्के, खोदाई आणि तळाच्या पीसीसीनंतर (बिनसळईच्या काँक्रीटच्या थरानंतर) १५, काँक्रीट झाल्यावर २५, पाण्याची चाचणी पास झाल्यावर २०, टाइल आणि यंत्रं आल्यावर १५, ताबा देताना १०, आणि शेवटचे ५ टक्के पुढचा एक पावसाळा गेल्यावर. चाचणीचे २० टक्के हा माझा हट्ट होता. भागीदारांचं म्हणणं, घरगुती तलावाला कोणी असली चाचणी लावत नाही, वॉटरप्रूफिंग झालं की पाणी भरून दाखवू. पण वॉटरप्रूफिंगने झाकलेलं काँक्रीट कसं आहे, ते मग कोणालाच दिसत नाही.

आयएस ३३७० हे पाणी साठवणाऱ्या काँक्रीट टाक्यांचं भारतीय मानक. जमिनीतल्या टाकीची बाहेरची बाजू दिसत नसेल तर टाकी भरायची, सात दिवस तशीच ठेवायची आणि पुढचे सात दिवस रोज पातळी नोंदवायची. वरून झाकलेल्या टाकीत या सात दिवसांत ४० मिलिमीटरपर्यंतची घट सहसा चालते. तलाव उघडा असल्याने उन्हाने उडणारं पाणी वेगळं काढावं लागतं. त्याला साधी बादली पुरते. तलावातल्याच पायरीवर भरलेली बादली ठेवायची. बादलीत जेवढं उतरलं तेवढं उन्हाने नेलं, तलावात त्याहून जास्त उतरलं तर ते गळतंय. हे सगळं करारात मराठीत लिहिलं. पहिल्यांदा भरायचं पाणी मालकाचं, चाचणी फसली तर नंतरचं ठेकेदाराचं, हेही लिहिलं.

एक गोष्ट राहिली. कातळ फोडायचा दर. कोटेशनात ‘कठीण खडक लागल्यास वेगळे’ एवढंच होतं आणि मी ते तसंच सोडलं. फेब्रुवारीच्या मध्यावर खोदाई सुरू झाली, एका बाजूला सव्वा मीटरवर काळा पाषाण लागला. ब्रेकर पाच दिवस चालला आणि १ लाख ५ हजारांचं बिल आलं. घासाघीस करून ७० हजारांवर मिटलं. दर आधी लिहिला असता तर घासाघिशीची वेळच आली नसती.

शेजाऱ्याचं एक वाक्य

खड्डा तयार होता. शेजारचे शेतकरी काठावर उभे राहून बघत होते. म्हणाले, “जागा बरी धरली, पण पावसाळ्यात हितं उपळ फुटतो, साहेब. घराच्या आधी आमची गुरं हितंच पाणी प्यायची.”

तिन्ही ठेकेदार जागा पाहून गेले होते. एकानेही पावसाळ्यात जमिनीतून वर येणाऱ्या पाण्याचं विचारलं नव्हतं. मीही नाही. जानेवारीत जमीन कोरडी, मुरूम खडखडीत, कोणाच्या मनात येणार?

त्या रात्री मी वही काढली. तळ आणि भिंती २०० मिलिमीटर जाडीच्या, काँक्रीट साधारण १४ घनमीटर. घनमीटरला अडीच टन धरले तर रिकाम्या टाकीचं वजन ३५ टन. बाहेरच्या मापाने टाकीने जमिनीत अडवलेली जागा ५७ घनमीटर. म्हणजे भोवतालचं भूजल काठापर्यंत चढलं तर टाकीला खालून ५७ टनांचा रेटा. तलाव भरलेला असेल तर आतल्या ४३ टनांमुळे प्रश्न नाही. पण ऐन पावसाळ्यात कोणी साफसफाईसाठी उपसला, तर २२ टन कमी पडतात. टाकी होडीसारखी उचलली जाते, तळ तडकतो, पाइप तुटतात. फायबरचा सांगाडा तर याच्या किती आधी वर आला असता. ते अर्धवट बोललेलं कारण असं पूर्ण झालं.

सकाळी भागीदारांना वही दाखवली. बांधकामवाला म्हणाला, “आमचा एकही उचलला गेला नाही अजून.” खरं असेल. बहुतेक तलाव भरलेलेच असतात. पंपवाल्या भागीदाराने मात्र आकडे दोनदा तपासले आणि स्वतःच उपाय मांडले. तळ जाड करायचा, तर जाड तळ पाण्याची जागाही जास्त अडवतो, घनमीटरमागे दीड टनच कामी येतो; म्हणजे २२ टनांसाठी जवळजवळ १५ घनमीटर काँक्रीट, वर सळई, शिवाय तेवढा कातळ आणखी फोडायचा. तळात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवायचा, बाहेरचा दाब वाढला की तो उघडून भूजल आत घेतो. किंवा तळाखाली खडीचा थर आणि भोकांचा पाइप टाकून पाणी उतारावर सोडून द्यायचं.

व्हॉल्व्ह मला नको होता. पाणी धरायच्या टाकीच्या तळाला मुद्दाम ठेवलेलं भोक, आणि वेळेला ते गाळाने अडकणार नाही याची खात्री कोण देणार? इतर अभियंते याबाबत माझ्याशी वाद घालतील, घालू देत. आमच्याकडे उतार होता, म्हणून पाइप निवडला. सपाट रानात हा पर्याय नसतो, तिथे शेजारी खड्डा घेऊन पंपाने उपसावं लागतं. पाइपाबरोबर कोपऱ्यात एक उभा पाइप खडीपर्यंत सोडला. त्यात काठी घातली की टाकीबाहेरचं पाणी कुठवर आहे ते कळतं. खर्च ७८ हजार. करारात नसलेलं काम, पण दर आधी ठरवून लिहून घेतला. कातळाने तेवढं शिकवलं होतं.

चाचणी

मार्चमध्ये तळ ओतला, पाच दिवसांनी भिंती. काँक्रीट एम ३० प्रतीचं, रेडीमिक्सच्या गाडीतून. तळ आणि भिंतीच्या सांध्यात पाणी अडवणारी पट्टी, म्हणजे वॉटरबार, तो मी स्वतः पाहिला. भिंतींच्या दिवशी माझ्या घरी साखरपुडा होता, मी गेलो नाही. त्याच दिवशी पाणी परत आत सोडणाऱ्या नळ्यांची तोंडं काँक्रीटबरोबर बसवायची होती. ती वेळेवर आली नाहीत. मुकादमाने भिंत ओतून घेतली आणि नंतर छिन्नीने भोकं पाडून नळ्या बसवल्या. मला कळलं ते महिन्याने.

दुसरी चूक माझ्या संमतीने झाली. मुरमाचा ढीग गाडीच्या वाटेत होता आणि उघड्या चराजवळ नातवंडांची भीती. भागीदारांनी भिंतींमागे भराव करून घेऊ का विचारलं, मी हो म्हटलं. चाचणीपर्यंत तो चर उघडा ठेवला असता तर भिंतीची ओल दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी दिसली असती.

एप्रिलमध्ये ४३ हजार लिटर भरायचं म्हणजे गावात डोळ्यावर येणारी गोष्ट. वाडीवर तेव्हा दिवसाआड पाणी येत होतं. टँकर न मागवता स्वतःच्या बोअरवेलवर सहा रात्री भरलं. सात दिवस थांबून मोजायला लागलो. बादली रोज ६ मिलिमीटर उतरत होती, तलाव ११. वरचे पाच मिलिमीटर म्हणजे ३२ चौरस मीटरच्या पाण्यावर दिवसाला १६० लिटर.

पाणी स्थिर करून संशयाच्या जागी इंजेक्शनच्या सिरिंजने कपड्यांची नीळ सोडली. सांध्यापाशी रंग तिथल्या तिथे तरंगला. चारपैकी दोन नळ्यांच्या तोंडाशी मात्र निळी रेघ हळूच आत ओढली गेली. मुकादमाने तेव्हा छिन्नीचं सांगितलं.

इथे भागीदारांत फूट पडली. बांधकामवाला म्हणाला, एवढं वॉटरप्रूफिंगच्या थराखाली थांबेल, मे उजाडला, पुढे चला. कदाचित दोन-चार वर्षं थांबलंही असतं. मित्र डळमळला. पण २० टक्के आमच्याकडे होते. सात दिवसांचे ३५ मिलिमीटर झाकलेल्या टाकीच्या ४० च्या आत बसत असले, तरी बादलीपेक्षा तलाव जास्त उतरला तर तो गळतोय, हे करारात लिहिलेलं होतं. पंपवाल्याने जोडीदाराला बाजूला नेलं. काय बोलले माहीत नाही. दुसऱ्या दिवशी बाहेरून भराव उकरायला माणसं आली.

पाणी अर्धा मीटर उतरवलं, ते १६ हजार लिटर झाडांना गेलं. दोन्ही तोंडं फोडून कॉलरसकट पुन्हा बसवली, न आकसणारं ग्राउट भरलं. परत भरायचं पाणी करारानुसार ठेकेदाराचं. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात बादली ६, तलाव साडेसहा. २० टक्क्यांचा धनादेश त्याच संध्याकाळी दिला.

पावसाआधी की पावसानंतर

आता २३ मे. वॉटरप्रूफिंगला दहा दिवस, टाइलांना तीन आठवडे, आणि मुळशीचा पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दारात. ताडपत्री बांधून टाइल लावून देतो, असं भागीदारांचं म्हणणं. पण टाइल लावायची तर टाकी रिकामी हवी, आणि रिकामी टाकी पावसात ठेवायची नाही हे वहीत लिहिलेलं होतं. पाइप टाकला होता खरा, पण त्याचा पहिला पावसाळा अजून जायचा होता.

निर्णय वहिनींनी घेतला. “मुलं दिवाळीत पोहतील. थंडी वाजली तर बाहेर येतील.” काम थांबवलं, नुसती काँक्रीटची टाकी काठोकाठ भरून ठेवली. उशिराबद्दल दंड लावला नाही. अर्धा उशीर त्यांचा होता, अर्धा आमच्या निर्णयाचा.

जुलैत आठवडाभर धार लागली तेव्हा उतारावरच्या पाइपातून अंगठ्याएवढी धार अखंड वाहत होती. उभ्या पाइपात पाणी टाकीच्या तळापेक्षा वीतभर वर चढलं आणि तिथेच थांबलं. पाइप नसता तर कुठवर गेलं असतं, ते शेजाऱ्यांना विचारायची गरज उरली नाही.

निष्पत्ती

ऑक्टोबरात पाणी उपसून वॉटरप्रूफिंग, टाइल, यंत्रं. दिवाळीच्या दोन दिवस आधी ताबा मिळाला. टाइलांचा भाव वाढला म्हणून १८ हजार मागितले, मित्राने ९ दिले. मुलांसाठी स्वतः बंद होणाऱ्या फाटकाचं कुंपण ४२ हजार. ते तिन्ही कोटेशनांत नव्हतं आणि माझ्या तक्त्यातही नव्हतं, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पॅनेल ठेकेदाराचं होतं, पण मीटरपासून पॅनेलपर्यंतची केबल, अर्थिंग आणि शॉक बसण्याआधी वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी कोणाच्याच हद्दीत नव्हता. ते ३१ हजार. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मरवर. एकूण १९ लाख ८५ हजार. १५ लाखांपासून निघून इथवर.

पाणी गळत नाही. आजी आठवड्यातून चार दिवस पाण्यात चालतात. मित्र पहिला महिना रोज उतरला, आता क्लोरीन आणि पीएच तपासायला काठापर्यंत येतो.

वेगळं काय करता आलं असतं

ठेकेदार बदलला असता का? नाही. तिन्ही आकडे आज पुन्हा समोर आले तरी निवड तीच राहील. पण कोटेशन मागवण्याआधी मी शेजाऱ्यांच्या ओट्यावर तासभर बसेन. आणि जमलं तर जागेवर एक खड्डा घेऊन तो एक पावसाळा उघडा ठेवेन. वर्ष जातं, जाऊ दे.

माझ्याऐवजी पैसे घेऊन देखरेख करणारा अभियंता ठेवायला हवा होता. लाख-सव्वा लाख गेले असते, पण भिंत ओतायच्या दिवशी तो जागेवर असता. मित्राला मला रागवता आलं नाही, ही त्या फुकटपणाची खरी अडचण. चालू कामावर कव्हर ब्लॉकचं पाहूनसुद्धा मी ‘न सांगता करणार नाहीत’ हे धरून चाललो नाही.

पंपाची खोली आजींच्या खिडकीखाली आली. नकाशात जागा रिकामी दिसत होती म्हणून. पंप आता आजी जाग्या असताना चालतो, त्यांच्या दुपारच्या झोपेत बंद.

आणि फोन? पुढच्या नोव्हेंबरात शेवटचे ५ टक्के देऊन झाले. त्याआधी एकदा पातळीची शंका आली होती, पंपवाला भागीदार चौथ्या दिवशी आला, बादली ठेवली, उन्हाचंच निघालं. एरवी पंप ट्रिप झाला की वहिनी गावच्या ठेकेदाराला बोलावतात. तो दहा मिनिटांत येतो, फिल्टरच्या पाइपातलंही त्याला आता कळतं. पावसाळ्यात त्या रोज सकाळी उभ्या पाइपात काठी घालतात आणि ओल कुठवर आली ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवतात.